कामावर डोळ्याला इजा झाली तर: पहिल्या तासापासून भरपाई हातात पडेपर्यंत

ग्राइंडरची ठिणगी, छिन्नीवर हातोडा पडताना उडालेला लोखंडाचा कण, चुन्याचा शिपका, वेल्डिंगचा झोत. डोळा जायला एवढंही पुरतं. अपघातानंतर सगळे उपचाराच्या मागे धावतात, आणि तेच बरोबर आहे. पण भरपाई मिळणार की नाही आणि किती मिळणार, हे बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतल्या कागदांवर ठरतं.

कामगारांचे अर्ज भरून देताना मला पुन्हा पुन्हा एकच उणीव दिसते. जखमी डोळ्याचे कागद ढीगभर असतात आणि दुसऱ्या, चांगल्या डोळ्याबद्दल एक ओळही नसते. भारतातल्या कायद्यात भरपाईची टक्केवारी ठरवताना मात्र त्या दुसऱ्या डोळ्याची अवस्था विचारली जाते. म्हणून हा लेख वाचताना एवढं धरून ठेवा: प्रत्येक तपासणीत दोन्ही डोळ्यांची नोंद झाली पाहिजे.

पहिली पायरी: आधी डोळा वाचवा

चुना, सिमेंट, कॉस्टिक सोडा, बॅटरीचं ॲसिड असं काही डोळ्यात गेलं तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याची धार सोडा. किमान पंधरा मिनिटं, चुना किंवा कॉस्टिक असेल तर अर्धा तास. गाडी शोधण्यात वेळ घालवू नका, आधी धुवा. कॉस्टिक आणि चुना ॲसिडपेक्षा जास्त घातक, कारण ते बुबुळात खोल झिरपत जातात. चुन्याचे खडे पापणीच्या आत अडकून राहतात, त्यामुळे पापणी उलटी करून धुवावी लागते. ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू असले प्रयोग करू नका.

टोकदार वस्तू घुसली असेल किंवा डोळा फाटल्याची शंका असेल, तर नेमकं उलटं करायचं. धुवायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेली वस्तू ओढायची नाही. कागदी कप उपडा ठेवून कडेने चिकटपट्टी लावा, म्हणजे डोळ्यावर दाब येणार नाही, आणि थेट नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नका.

वर्कशॉपमध्ये एक वाईट सवय सर्रास दिसते. डोळ्यात कण गेला की शेजारचा गडी रुमालाच्या टोकाने किंवा काडीने तो काढून देतो. बुबुळावरचा लोखंडाचा कण निघाला तरी मागे गंजाचं कडं राहतं, जखम चिघळते आणि पुढे तिथे फूल पडतं. हातोडा-छिन्नीच्या कामात कण इतक्या वेगाने आत शिरतो की बाहेर जखम जवळजवळ दिसत नाही आणि पहिल्या दिवशी नजरही ठीक असते. आत राहिलेलं लोखंड नंतर पडदा खराब करतं. म्हणून ‘लोखंडावर लोखंड मारताना काहीतरी लागलं’ हे वाक्य डॉक्टरांना सांगाच. ते ऐकल्यावर डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतील. डोळ्यात लोखंड असल्याची शंका असताना एमआरआय करत नाहीत, कारण त्या चुंबकाने कण आतल्या आत हलू शकतो.

वेल्डिंगचं दुखणं वेगळंच. झोत लागतो दुपारी, त्रास सुरू होतो सहा ते बारा तासांनी. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो आणि मध्यरात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होऊन उठतो. हा त्रास साधारण एक-दोन दिवसांत उतरतो, पण तोपर्यंत हजेरीवर पूर्ण पाळी भरलेली असते आणि अपघाताची नोंद कुठेच नसते. असं झालं तर रात्रीच सुपरवायझरला मेसेज टाका आणि सकाळी पहिल्यांदा नोंद करायला सांगा. आग थांबवणारे, डोळा बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालत राहू नका. त्यांनी बुबुळाची जखम भरत नाही.

दुसरी पायरी: केसपेपरवरची पहिली ओळ

दवाखान्यात ‘काय झालं?’ असं विचारलं जातं आणि तुमचं उत्तर केसपेपरवर उतरतं. पुढे सगळे जण तीच ओळ वाचतात: विमा कंपनीचा माणूस, मेडिकल बोर्ड, न्यायाधीश. ‘डोळ्याला मार’ एवढंच लिहिलेलं असेल तर मार कुठे लागला हा वाद उभा राहतो. सांगताना असं सांगा:

‘आज सकाळी साडेदहाला, कंपनीच्या शेडमध्ये ग्राइंडिंग करताना चाकाचा तुकडा उडून उजव्या डोळ्याला लागला.’

वेळ, जागा, काम, वस्तू आणि डोळा कोणता, या पाच गोष्टी आल्या पाहिजेत. उजवा-डावा लिहिण्यात चुका होतात, म्हणून कागद हातात आला की तिथेच वाचून घ्या. सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद होत असेल तर होऊ द्या. त्याने तुमचं नुकसान काही नाही.

ठेकेदार कधी कधी गाडीतच पढवतो, ‘घरी पडलो म्हणून सांग, बिल मी भरतो.’ हे ऐकू नका. त्या एका वाक्याने बिलापुरते पैसे मिळतील आणि डोळ्याची भरपाई बुडेल. मालक खासगी दवाखान्यात नेऊन पैसे भरत असेल तर चांगलंच आहे, पण मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेतो का ते बघा. प्रत्येक कागदाचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा.

तिसरी पायरी: मालकाला लेखी कळवणं

तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. साध्या कागदावर चार ओळी पुरतात:

‘मी अमुक, आपल्याकडे तमुक विभागात काम करतो. दिनांक अमुक रोजी इतक्या वाजता तमुक काम करताना माझ्या उजव्या डोळ्याला इजा झाली. त्या वेळी अमुक सहकारी हजर होते. अमुक रुग्णालयात उपचार चालू आहेत. कृपया अपघाताची नोंद करून मला प्रत द्यावी.’

दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका, म्हणजे तारीख पक्की होते. सही करता येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार चालतो. लेखी सूचना द्यायची राहून गेली म्हणून सगळं संपत नाही. मालकाला अपघात इतर मार्गाने माहीत होता हे दाखवता आलं तर दावा टिकतो. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा चार ओळी लिहिणं सोपं.

मालकावरही नोंदीची जबाबदारी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० आली आहे), अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने निरीक्षकाला कळवायचं असे. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यात नजरेची कायमची हानी ‘गंभीर इजा’ धरली होती आणि ज्या जागी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू नव्हतं तिथे तिचा अहवाल सात दिवसांत पाठवणं मालकाला बंधनकारक होतं. असा अहवाल गेला असेल तर माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागता येते. अपघात झालाच नाही म्हणणाऱ्या मालकासमोर त्याच्याच सहीचा कागद ठेवण्यासारखा दुसरा पुरावा नाही.

चौथी पायरी: दावा कुणाकडे? ईएसआय की मालक

हा फाटा सुरुवातीलाच ओळखा, कारण दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. ईएसआयचं संरक्षण असेल तर त्याच इजेसाठी मालकाकडून कायद्याची भरपाई मागता येत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या बहुतेक आस्थापनांना ईएसआय लागू होतं आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगारपत्रकावर ही कपात दिसते का बघा आणि विमा क्रमांक मागून घ्या. कामावरच्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. पहिल्या दिवशी इजा झाली तरी लाभ मिळतो.

ईएसआय लागू असून मालकाने तुमचं नावच घातलं नसेल तरी घाबरू नका. नाव घालणं ही त्याची जबाबदारी होती. अशा वेळी ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि रक्कम मालकाकडून वसूल करतं. त्यासाठी तुम्ही तिथे काम करत होता हे दाखवावं लागेल: हजेरीचा फोटो, गेटपास, बँकेत किंवा यूपीआयने आलेला पगार, सुपरवायझरचे मेसेज, सहकाऱ्याचा जबाब.

ईएसआय लागू नसेल, म्हणजे वर्कशॉप छोटं असेल किंवा पगार मर्यादेच्या वर असेल, तर दावा थेट मालकावर. हा हक्क १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि ईएसआय व भरपाई हे दोन्ही विषय तिच्यात आले आहेत. इजांची टक्केवारी आणि वयाचे गुणक जुन्या कायद्यातून संहितेच्या अनुसूचींमध्ये आले आहेत. अर्जात अपघाताची तारीख ठळक लिहा. त्या दिवशी जो कायदा होता त्याप्रमाणे हक्क ठरतो. खाली आकडे आणि मुदती दिल्या आहेत त्या १९२३ च्या कायद्यातल्या आहेत; अपघात २१ नोव्हेंबर २०२५ किंवा त्यानंतरचा असेल तर त्या संहितेत तपासून घ्या.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ज्या मुख्य मालकाच्या धंद्याचं काम ठेकेदार करत होता, त्याच्याकडूनही भरपाई मागता येते. मग तो पैसा मुख्य मालक ठेकेदाराकडून वसूल करतो. ठेकेदार फोन बंद करून बसला म्हणून कुणी हात टेकू नयेत. अर्जात दोघांचीही नावं घाला.

ईएसआय असेल तर

मालकाने अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, चोवीस तासांत द्यायचा असतो. तो गेला का, याची शाखा कार्यालयात चौकशी करा. डॉक्टरांनी कामासाठी अयोग्य ठरवलेल्या काळात पगाराच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बंद राहिलं पाहिजे. हा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही.

उपचार संपले आणि नजर कायमची गेली असेल तर मेडिकल बोर्डापुढे प्रकरण न्यायला सांगा. आपोआप होईल म्हणून वाट बघत बसू नका. बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात महिन्याची रक्कम आयुष्यभर मिळते. रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये धरा. तिचे ९० टक्के ४५०. बोर्डाने ३० टक्के हानी ठरवली तर रोजचे १३५, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्याला ४,०५० रुपये. बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. त्यासाठी मुदत तीन महिन्यांची असते, म्हणून निर्णयाचा कागद ज्या दिवशी मिळाला ती तारीख त्यावरच लिहून ठेवा.

टक्केवारी ठरवणारे शब्द

इथे सावकाश वाचा, कारण लाखाचा फरक या चार ओळींत आहे. कायद्याच्या अनुसूचीत डोळ्यांबद्दल असं म्हटलं आहे:

ज्या कामाला दृष्टी लागते असं कोणतंही काम करता येणार नाही इतकी दोन्ही डोळ्यांची नजर गेली, तर १०० टक्के.
एक डोळा गेला, इतर गुंतागुंत नाही आणि दुसरा डोळा सामान्य आहे, तर ४० टक्के.
एका डोळ्याची नजर गेली पण गुंतागुंत नाही, डोळ्याचा गोळा विद्रूप झाला नाही आणि दुसरा डोळा सामान्य आहे, तर ३० टक्के.
एका डोळ्याची नजर काही अंशी गेली, तर १० टक्के.

ईएसआयची यादीही याच टक्केवारीची आहे.

आता अटी बघा. ‘गुंतागुंत नाही’, ‘विद्रूप नाही’, ‘दुसरा डोळा सामान्य’. या पूर्ण होत असतील तरच ३० किंवा ४० चा ठरीव आकडा चिकटतो. डोळा आत गेला, आक्रसला, पांढरा पडला, सतत दुखतो, दाब वाढून काचबिंदू झाला किंवा दुसऱ्या डोळ्याची नजर आधीपासून अधू आहे, तर प्रकरण या साच्यात बसत नाही. मग कमाईची क्षमता प्रत्यक्षात किती गेली याचं मूल्यमापन डॉक्टरकडून करून घेता येतं आणि ते ठरीव आकड्याहून जास्त निघू शकतं. ज्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता आणि आता कामावर उजवा गेला, त्याला ‘एक डोळा, ३० टक्के’ म्हणून वाटेला लावणं हा उघड अन्याय आहे. दुसऱ्या डोळ्याची नोंद मी सुरुवातीपासून मागतो आहे ती यासाठी.

कामाचं स्वरूपही बघितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात, हात गमावलेल्या सुताराची सुतार म्हणून कमाई पूर्णच गेली, असं मानलं. डोळ्याच्या प्रकरणात चालक, क्रेन ऑपरेटर, उंचीवर काम करणारा, बारीक फिटिंग करणारा यांनी आपलं नेमकं काम अर्जात सविस्तर मांडलं पाहिजे. एक डोळा गेला की अंतराचा अंदाज चुकतो, त्या बाजूचं दिसत नाही. ‘हेल्पर’ असा एक शब्द लिहून सोडू नका. दिवसभर हाताने काय करता ते लिहा.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं आणि भरपाईसाठीची कमाईची हानी वेगळी. एक डोळा पूर्ण गेला व दुसरा चांगला असेल तर दिव्यांगत्व साधारण ४० टक्क्यांच्या खालीच येतं आणि त्या सवलती मिळत नाहीत. त्यावरून ‘भरपाईही नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तपासणीच्या कागदावर काय हवं

दोन्ही डोळ्यांची नजर, चष्म्याशिवाय आणि चष्मा लावून, आकड्यांत (६/६, ६/६० असं). डोळ्यातला दाब. पडद्याची तपासणी. बाजूला किती दिसतं याची फील्ड टेस्ट. जखमेचा रंगीत फोटो. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची टिपणं. अपघाताच्या आधीचं काही सापडलं तर सोन्याहून पिवळं: कारखान्याची वार्षिक नेत्रतपासणी, वाहन परवान्याचं वैद्यकीय, जुन्या चष्म्याची चिठ्ठी. आधी नजर चांगली होती हे त्यातून दिसतं.

पैशाचा हिशेब, ईएसआय नसेल तेव्हा

सूत्र असं: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक. ही १०० टक्के अपंगत्वाची रक्कम, आणि ती १,४०,००० रुपयांहून कमी नसते. अंशतः इजेत तिची टक्केवारी काढायची. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो. ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ठरली. गुणक वय वाढेल तसा घटतो: २५ व्या वर्षी २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

तीस वर्षं पूर्ण झालेला वेल्डर, पगार १८,०००. हिशेबात १५,००० धरले जातील. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. एका डोळ्याची नजर गेली, ३० टक्के: ५,६१,५४६. डोळाच गेला, ४० टक्के: ७,४८,७२८. काही अंशी नजर गेली, १० टक्के: १,८७,१८२. ३० टक्के आणि ४० टक्के यांच्यात या एका माणसापुरता पावणेदोन लाखांहून जास्त फरक आहे.

पगारात रोख मजुरीबरोबर मोफत राहण्याच्या सोयीसारख्या, पैशात मोजता येणाऱ्या गोष्टीही येतात. प्रवासभत्ता आणि मालकाची पीएफ वर्गणी येत नाही. कामाला महिनाही झाला नसेल तर तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या कमाईवरून पगार ठरवतात. म्हणून ‘कालच लागला होता’ हे कारण चालत नाही.

उपचार चालू असताना काम बंद असेल तर दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के मिळायला हवेत, आणि औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा असतो. पंधरवड्याची रक्कम पुढे एकरकमी भरपाईतून वजा होऊ शकते. दवाखान्याचं बिल मात्र वजा होत नाही. ‘दोन लाख बिल भरलं, आता भरपाई कसली?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच दिलेलं आहे.

घाईने सही करू नका

मालक रोख रक्कम पुढे करतो आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम तुटपुंजी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. तरीही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका, कारण ती कशी मिळवली हे सांगण्यात महिने जातात.

थांबण्याला वैद्यकीय कारणही आहे. मार लागलेल्या डोळ्यात मोतीबिंदू काही महिन्यांनी येऊ शकतो, काचबिंदू कित्येक वर्षांनी. क्वचित असंही होतं की एका डोळ्याच्या खोल जखमेनंतर शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर उलटते. याला सिंपथेटिक ऑप्थॅल्मिया म्हणतात. चांगल्या डोळ्याला उजेड सहन होईना, लाली आली, धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचार लवकर झाले तर नजर वाचवता येते. इजा स्थिर झाली असं डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत अंतिम तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे. पण हे थांबणं दोन वर्षांच्या मुदतीत बसवायचं आहे.

अर्ज

अपघातापासून दोन वर्षांच्या आत कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे दावा दाखल करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे अर्ज चालतो. कोकणातून किंवा मराठवाड्यातून पुण्यात कामाला आलेल्याला गावाकडून खटला लढता येतो, ही मोठी सोय आहे. महाराष्ट्रात कामगार न्यायालयात चौकशी केली की वाट कळते.

नमुना एफ भरायचा. त्याला केसपेपर, तपासण्या, वयाचा दाखला, पगाराचा पुरावा, मालकाला दिलेल्या सूचनेची पोच आणि बिलं जोडायची. मालकाचा विमा असेल तर विमा कंपनीलाही पक्षकार करा. मालकाने त्याच्या डॉक्टरकडे मोफत तपासणीला बोलावलं तर जा, कारण विनाकारण नकार दिला तर हक्क तात्पुरता थांबतो. जाताना आपले मूळ कागद देऊन येऊ नका.

वकील लावलाच पाहिजे असं नाही, नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी तुमच्या वतीने उभा राहू शकतो. वकील हवा असेल आणि पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक आहे.

‘गॉगल घातला नव्हता’

हा मालकाचा सर्वांत आवडता मुद्दा. दारूच्या नशेत अपघात झाला, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, तर भरपाई नाकारता येते. पण ‘जाणूनबुजून’ हे मालकाने सिद्ध करायचं असतं, साधी निष्काळजी पुरत नाही. शिवाय मृत्यू किंवा १०० टक्के कायमचं अपंगत्व असेल तर हा बचाव लागूच होत नाही. गॉगल दिला होता का, तुमच्या मापाचा होता का, चरे पडून आरपार दिसेनासा झाला होता का, न घालता काम करताना सुपरवायझर रोज बघत होता का, या गोष्टी नोंदवा. शेडमध्ये लटकलेल्या त्या जुन्या गॉगलचा फोटो सहकाऱ्याला काढून ठेवायला सांगा. जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे कण उडणाऱ्या किंवा प्रखर उजेडाच्या कामात पडदा किंवा योग्य गॉगल पुरवणं हे मालकाचं काम होतं.

नजर हळूहळू गेली असेल तर

काचेच्या भट्टीसमोर किंवा तापलेल्या धातूजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना अवरक्त किरणांमुळे मोतीबिंदू होतो. तो व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, आणि त्या कामात सलग सहा महिने नोकरी झालेली असली तर तो कामावरच्या इजेसारखाच धरला जातो. ‘वयाचा मोतीबिंदू’ असं म्हणून शस्त्रक्रिया करून मोकळं होण्याआधी डॉक्टरांना आपलं काम सांगा आणि ते कागदावर लिहून घ्या.

निकालाच्या आसपास

भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. वरच्या उदाहरणातल्या ५,६१,५४६ रुपयांवर वर्षाचं व्याज ६७,००० च्या वर जातं. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही शब्द लिहून मागा. मालकाला रक्कम पूर्ण मान्य नसली तरी जेवढी मान्य आहे तेवढी आधी भरावी लागते. विमा कंपनी दंड सहसा भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे ही मागणी केली की तडजोडीची भाषा बरीच बदलते. निकालाविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, पण मालकाला अपिलाआधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते. तुमच्या बाजूने निकाल लागला की ती रक्कम जमा झाली का, याची आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन खात्री करा, आणि बँक खात्यावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळतं का ते त्याआधीच बघून ठेवा.